टिचकी

निळं भांडं, आयताकृती, कडेला दोन कान,
बुडाशी शिक्का: ओव्हनमध्ये चालेल.
अठराशे पन्नास रुपये, औंधच्या दुकानातून.
दिवाकर म्हणाले, एवढ्यात कुकर आला असता.
मी म्हटलं, कुकरमध्ये मॅकरोनीला वरून रंग येत नाही.

दुकानात टिचकी मारायची राहिली,
हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं.
सव्वीस वर्षं भोसरीच्या फाउंड्रीत
मी हातोडीनं कास्टिंग वाजवली.
खणकन बोललं की पुढे,
ठप्प बोललं की लाल खडूची फुली.
आणि इथे, थंड हवेत, मागे बासरी लावलेली,
काउंटरवरची मिहिका म्हणाली,
मॅडम, प्रत्येक पीस हाताने घडवलाय,
आणि मी मान डोलावली.

तीनदा वापरलं.
गरम असताना कडप्प्यावर कधी टेकवलं नाही,
त्यासाठी देवासमोरचा पाट उचलून आणायचे.
गार पाणी दाखवलं नाही.
तारेची घासणी त्याच्या आसपास फिरकली नाही.
सासूबाईंनासुद्धा इतकं जपलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, रात्री दीडला
स्वयंपाकघरातून आवाज आला.
टिंग.
दिवाकर कूस बदलून म्हणाले, मांजर.
मांजराचा नाद असा नसतो.
भांडं रिकामं होतं, कपाटात होतं,
कुणी हात लावला नव्हता.
थोड्या वेळानं पुन्हा, टिंग.

सकाळी काही दिसेना.
नख फिरवलं, नख अडकेना.
कारखान्यात आम्ही लाल रंग फासायचो, पुसायचो,
वरून पांढरी भुकटी मारायचो,
मग भेग आपणहून वर यायची.
घरात बीट होतं.
दोन किसली, पिळली, रस रात्रभर भांड्यात ठेवला.
उजाडल्यावर धुतलं, तर निळ्या तळाला
जाळंच जाळं, लालसर, बारीक,
मे महिन्यात पानशेतचा गाळ फुटतो तसं.

माती एका वेगानं आकसते,
वरची चकाकी दुसऱ्या वेगानं.
भट्टीतून निघाल्या दिवसापासून ती ओढाताण चालू असते,
आवाज तेवढा उशिरा येतो.

पिशवीत घालून औंधला गेले, दोन बस बदलून.
मिहिका म्हणाली, वापरण्यात काही चुकलं असेल.
आतून मालक आले, पोंक्षे.
मी भांडं उलटं केलं, शिक्का दाखवला.
ते म्हणाले, चालेल असं लिहिलंय, बाई.
टिकेल असं कुठं लिहिलंय?

खरं सांगते, मला हसू आलं.
त्यांनाही आलं असावं,
कारण बदली भांडं दिलं, बिल न बघता.
या वेळी मी तिथेच टिचकी मारली.
खणकन नाही, ठप्पही नाही.
मधलंच काहीतरी.

तो मधला आवाज मी ओळखते.
अठ्ठ्याण्णव सालचा एकतीस मार्च,
ब्रेक ड्रमची लॉट, चाळीस नग,
एकोणतिसावा जरा आखूड वाजला.
गुरवसाहेब म्हणाले, गाडी फाटकाशी उभी आहे.
खडू माझ्या ॲप्रनच्या खिशात होता.
तो तिथेच राहिला.
तक्रार कधी आली नाही.
सोलापूर रस्त्यावर अवजड ट्रक शेजारून गेला
की मी अजून बोलता बोलता थांबते.

नवं भांडं फ्रिजवर ठेवलंय, त्यात लसूण.
रव्याचा केक आज जुन्या डब्यात लावला,
बोहरी आळीतला ॲल्युमिनियमचा, सदतीस रुपयांचा.
एका कोपऱ्यात पोचा आहे,
तेवढा कोपरा दर वेळी करपतो,
तो मी खाते.

दिवाकर विचारतात, मग त्या निळ्याचं काय करायचं?
पाहुणे आले की मांडायला बरं दिसेल.
मी म्हणते, थांबा जरा,
टीव्हीचा आवाज कमी करा.